वॉशर-ड्रायर कपडे वाळवत नाही? आधी बादली आणा

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी जागा असते, तिला ड्राय बाल्कनी म्हणतात. जून ते सप्टेंबर तिथे काहीही ड्राय नसतं. दोन पावसाळ्यांपूर्वी याच बाल्कनीत आमचा वॉशर-ड्रायर साडेतीन तास गरगरून थांबला. दार उघडलं तर मुलाचा गणवेश गरम आणि ओला, इडलीच्या फडक्यासारखा. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

सर्व्हिसचा माणूस आला. दार उघडून बघितलं, दोन बटणं दाबली आणि "पीसीबी गेलाय, अकरा हजार" असं सांगून, व्हिजिट चार्ज घेऊन गेला. पीसीबी म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. यंत्राचा एक स्क्रूही त्याने काढला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या कामात झाली. ते म्हणाले, "अरे, बोर्ड गेला असता तर कपडे धुतले तरी असते का? बादली आण आधी. यंत्र बाहेर काय टाकतंय ते बघू."

काकांचा युक्तिवाद पूर्ण बिनचूक नव्हता. बोर्डावरचा फक्त हीटरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा छोटा स्विच, जाऊ शकतो आणि मग धुलाई व्यवस्थित होते. पण बादलीचा सल्ला सोन्यासारखा निघाला. शेवटी यंत्रातून निघालं ते कपड्यांचं दोन ओंजळी तूस आणि नळाच्या जाळीत बसलेला गाळ. तेव्हापासून सोसायटीतल्या चार-पाच घरी मी हेच करून दिलंय, म्हणून एकदाच नीट क्रमाने लिहून ठेवतोय. क्रम मोडू नका; फुकटातल्या तपासण्या आधी, स्क्रू नंतर.

## १. वाफ जाते कुठे, ते आधी समजून घ्या

नुसत्या ड्रायरच्या काही प्रकारांत गरम वाफ नळकांड्यातून घराबाहेर सोडतात. आपल्या टू-इन-वनला तसं नळकांडं नसतं. सगळा खेळ बंद डब्यात चालतो.

पळीवाढी भाजी शिजताना पातेल्यावर ताट ठेवून त्यात आपण पाणी ओततो. ताटाच्या खालच्या बाजूला थेंब धरतात ना? इथे तेच होतं. एक पंखा ड्रममधली दमट हवा मागच्या उभ्या नळीत ओढतो. त्या नळीत नळाचं थंड पाणी बारीक धारेने झिरपत असतं. वाफेचं पाणी होतं आणि खालचा पंप ते बाहेर फेकतो. ओल गेलेली हवा वरच्या हीटरवरून तापून परत ड्रममध्ये येते. या नळीला मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात.

म्हणजे कपडे वाळायला चार गोष्टी लागतात: थंड पाणी, वाहती हवा, उष्णता आणि चालू पंप. यातली एक जरी गेली तरी लक्षण एकच, कपडे ओले. त्यामुळे नुसतं लक्षण सांगून फोनवर निदान होत नाही.

काही मॉडेलमध्ये पाण्याऐवजी खोलीतल्या हवेने वाफ थंड करतात, काहींत फ्रिजसारखा गॅसच्या नळ्यांचा हीट पंप असतो. मॅन्युअलमध्ये "वाळवताना नळ चालू ठेवा" असं लिहिलं असेल, तर तुमचं यंत्र पाण्यावर चालणारं. पुढची बादलीची परीक्षा अशाच यंत्रांसाठी आहे.

जाता जाता एक गंमत. मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी अंघोळीला गिझर लागू नये इतकं तापतं. असं पाणी वाफ काय थंड करणार? उन्हाळ्यात दुपारी ड्रायर जास्त वेळ घेतो यात बिघाड काही नाही. पहाटे लावा.

## २. हाताशी काय हवं

कागदांपासून सुरुवात करा. खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, आधीच्या दुरुस्तीचं जॉबशीट आणि मॉडेल नंबर-सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो. हे स्टिकर दाराच्या कडेला किंवा यंत्राच्या मागे असतं. भिंतीला चिकटलेल्या यंत्राच्या मागचा फोटो काढायला मोबाइल उलटा धरून हात घालावा लागतो. तो एकदाच काढून ठेवा.

वॉरंटी शिल्लक असेल तर पायरी ६ पर्यंतच जा. झाकण उघडू नका.

हत्यारं फार लागत नाहीत: स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ८ आणि १० नंबरचा बॉक्स पाना, जुना टूथब्रश, बाटली धुवायचा लांब ब्रश, टॉर्च, जाड हातमोजे, दोन बादल्या, एक उथळ परात, भरपूर फडकी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळेल. शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगच्या शोधात मल्टिमीटरपेक्षा जास्त पेट्रोल जाईल.

हातमोजे विसरू नका. आतल्या पत्र्याच्या कडा विळीसारख्या असतात.

## ३. आधी स्वतःची चूक तपासा

मला कमीपणा वाटला होता, पण ही पायरी सगळ्यात जास्त वेळा कामी येते.

यंत्रावर ८ किलो लिहिलंय ते धुण्याचं. वाळवण्याची क्षमता वेगळी आणि कमी असते. अनेक यंत्रांवर "८/५" असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे ८ किलो धुवायचे आणि त्यातले ३ किलो बाहेर काढून मगच ड्रायर लावायचा. ड्रम अर्ध्याच्या वर भरला की हवा फिरायला जागा राहत नाही. आमच्याकडे "एकदाच लावते आणि झोपते" या धोरणामुळे पहिले सहा महिने हेच चाललं होतं.

दुसरी चूक स्पिनची. वाळवण्याआधी कापडाला चालेल तेवढा जास्तीत जास्त स्पिन द्या. हिशेब बघा: ५ किलो सुती कपड्यांत स्पिननंतर निम्म्या वजनाचं पाणी उरलं, तर ते २.५ लिटर झालं. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट वीज लागते, म्हणजे नुसत्या वाफेलाच दीड युनिटच्या पुढे. यंत्र आणि ड्रम तापवण्यात, पाण्याबरोबर वाहून जाण्यात खर्ची पडतं ते वेगळंच. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या कमी स्पिनवर कपड्यांत आणखी पाणी उरतं आणि वेळ, वीज दोन्ही वाढतात. पिळायचं काम मोटर स्वस्तात करते, हीटर महागात.

तिसरं, जाड आणि पातळ कपडे एकत्र वाळवू नका. शर्ट कडकडीत होतो तेव्हा जीन्सचा पट्टा ओलाच असतो.

आणि यंत्र थांबल्या थांबल्या कपडे हाताला दमट लागतातच. काढून दहा मिनिटं पसरा, मग ठरवा.

## ४. पाणी: नळ, जाळी, दाब

धुणं झालं की नळ बंद करायची आपल्याला सवय असते. ड्रायर चालू असताना तो नळ उघडा हवा. हसू नका. आमच्या समोरच्या वहिनींचा "बिघाड" एवढाच होता, आणि त्यांनी त्यासाठी दोनदा व्हिजिट चार्ज भरला होता.

आता जाळी. प्लग काढा, नळ बंद करा, यंत्राच्या मागे जिथे पाण्याचा पाइप जोडलाय तिथलं प्लॅस्टिकचं चाक हाताने सोडवा. खाली फडकं ठेवा, अर्धा ग्लास पाणी सांडतंच. पाइपच्या तोंडाशी आणि आत व्हॉल्व्हच्या तोंडाशी टिकलीएवढी जाळी दिसेल. पकडीने हलकेच ओढून काढा, टूथब्रशने घासा. पाइपच्या नळाकडच्या टोकालाही जाळी असू शकते.

पुण्यात ही जाळी का भरते? महापालिका दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा, कमी दाबाने येतं. रिकाम्या झालेल्या पाइपांमधला गाळ त्या पहिल्या पाण्याबरोबर निघतो. पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी गढूळ असतं ते वेगळंच. पाणी बंद होतं त्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मशीन लावू नका, आधी नळ दोन मिनिटं बादलीत सोडा.

वाघोली, उंड्री किंवा हिंजवडीच्या पलीकडे नव्या सोसायटीत राहत असाल तर टँकर आणि बोअरचं पाणी ठरलेलं. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. बाथरूमच्या नळावर पांढरा खडबडीत थर धरत असेल, तर तोच थर व्हॉल्व्हमध्ये आणि धुण्याच्या हीटरवरही आहे. रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, टाकून ६० अंशांवर कॉटनचा कार्यक्रम चालवा. मॅन्युअलमध्ये वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. त्यात ब्लीच अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हे पाणी कंडेन्सरला थंड पाणी सोडणाऱ्या वेगळ्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. ड्रम साफ झाला म्हणजे तो व्हॉल्व्ह मोकळा झाला, असा अर्थ काढू नका. बाजारातल्या डीस्केलिंग पावडरींबद्दल हाच गैरसमज सगळीकडे आहे.

राहिला दाब. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी डोक्यावर ३-४ मीटरवर असेल, तर नळाला ०.३ ते ०.४ बारच मिळतो. बऱ्याच यंत्रांना किमान ०.५ बार लागतो. नळ पूर्ण सोडून एका मिनिटात बादली किती भरते ते बघा. ८ लिटरच्या आसपास असेल तर चिंता नाही. फार कमी असेल तर सोसायटीच्या कमिटीशी प्रेशर पंपाबद्दल बोला, किंवा प्लंबरकडून यंत्रापुरता छोटा पंप बसवून घ्या. कमिटीशी बोलण्यापेक्षा दुसरा मार्ग लवकर होतो.

## ५. बादलीची परीक्षा

ही माझी आवडती पायरी, कारण यात काहीही न उघडता यंत्र स्वतःच सांगतं की दुखतंय कुठे.

दोन किलोच्या आसपास ओले, पण स्पिन झालेले कपडे ड्रममध्ये ठेवा. सांडपाण्याचा पाइप भिंतीतल्या भोकातून काढा आणि स्टुलावर ठेवलेल्या बादलीत टाका. पाइप बादलीच्या कडेला सुतळीने बांधा. पंप सुरू झाला की तो सापासारखा उसळतो आणि बाल्कनी धुऊन निघते. आता नुसता ड्राय, धुण्याशिवायचा कार्यक्रम लावा. जवळच बसा, पूर्ण चक्रात एक बादली पुरत नाही.

पंधरा-पंधरा मिनिटांनी तीन गोष्टी बघा: पाणी येतंय का, ते किती गरम आहे आणि दाराची काच किती तापली आहे. पाण्यात एकदम बोट घालू नका, आधी बादलीला बाहेरून हात लावून बघा.

काहीच येत नाही, पण काच गरम आहे. उष्णता आहे, थंड पाणी नाही. नळ, जाळी किंवा कंडेन्सरचा व्हॉल्व्ह. पंपाची घरघर ऐकू येते आणि तरी पाणी नाही, तर पायरी ६ बघा.

पाणी येतंय, पण अर्ध्या-पाऊण तासानंतरही नळाइतकंच गार, आणि काचही गार. हीटर, त्याचा थर्मोस्टॅट (जास्त तापला की हीटर बंद करणारा स्विच) किंवा पंखा. पायरी ८.

पाणी कोमट, त्यात धागे तरंगताहेत, काच गरम, तरी कपडे ओले. हवा नीट फिरत नाही. तूस. पायरी ७. आमचं हेच होतं, शिवाय जाळीतल्या गाळामुळे धारही बारीक झाली होती.

पाणी कोमट आणि दोन किलो कपडे मस्त वाळले. यंत्र ठणठणीत आहे. पायरी ३ पुन्हा वाचा.

मधेच दार उघडायचा मोह होईल. यंत्र शेवटची काही मिनिटं कपडे थंड करण्यासाठी फिरतं, तोवर थांबा.

## ६. पंपाची जाळी

खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, बहुतेक यंत्रांत समोरून. प्लग काढा. ड्रममध्ये गरम पाणी असेल तर तासभर थांबा. आत बारीक रबरी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी परातीत काढा. परात भरते, रिकामी करा, पुन्हा भरते. ड्रममध्ये पाणी अडकलं असेल तर हे वीस मिनिटं चालतं. मग मोठी चावी उलटी फिरवून जाळी काढा.

आमच्या जाळीतून दोन रुपयांची तीन नाणी, एक सेफ्टी पिन, मोजा आणि गणपतीच्या वर्गणीची लगदा झालेली पावती निघाली. जाळीच्या मागे टॉर्च मारून पंपाचं पातं बोटाने फिरवून बघा. ते झटके देत फिरतं, तसंच फिरायला हवं. केस किंवा दोरा गुंडाळला असेल तर काढा. चावी परत लावताना रबर नीट बसलंय ना ते बघा, नाहीतर रात्री खालच्या मजल्यावरून फोन येतो.

## ७. झाकण उघडून तूस काढणं

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. इन्व्हर्टर मोटरच्या यंत्रात बोर्डावर ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ साठून राहतो, म्हणून प्लग काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबा आणि बोर्डाला हात लावू नका. यंत्र भिंतीपासून ओढायला दोघं लागतात. ६५ ते ८० किलोचा ऐवज आहे.

मागे वरच्या बाजूला दोन स्क्रू असतात. ते काढून वरचं झाकण मागे सरकवा आणि उचला. ड्रमच्या वर अॅल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा एक लांबट खोका दिसेल. त्यात हीटर, आणि मागच्या टोकाला पंखा आणि त्याची मोटर. इथून पुढे प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. "लक्षात राहील" असं मीही म्हटलं होतं.

खोक्याच्या झाकणाचे आठ-दहा स्क्रू काढा आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटात मांडून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. झाकण उचललं की दिसतं ते बघून मला गादीवाल्याची आठवण झाली. पंख्याच्या पात्यांमध्ये राखाडी तूस दाबून बसलेलं, हीटरच्या पट्ट्यांवर त्याचा करपट थर. धुतलेल्या कपड्यांचं तूस ओल्या हवेबरोबर येतं, पंख्याला चिकटतं, वाळतं, त्यावर पुन्हा थर बसतो. अनेक यंत्रांत ते अडवणारी काढता येणारी जाळीच नसते.

पंख्याचं तूस हाताने आणि ब्रशने काढा. पाती वाकवू नका, तोल गेला की पंखा कायमचा भुणभुणतो. हीटरवर पाणी मारायचं नाही. कोरडा मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनर पुरे. मागच्या उभ्या नळीत वरून बाटलीचा ब्रश जाईल तेवढा फिरवा, मग मग्याने हळूहळू पाणी ओता, तूस खाली पंपाकडे जातं. म्हणून हे झाल्यावर पायरी ६ पुन्हा करावी लागते. हवेच्या वाटेत एक छोटा तापमान मोजणारा सेन्सरही असतो. त्याच्यावर तुसाची टोपी बसली असेल तर यंत्राला कपडे वाळले की नाही ते कळतच नाही. अलगद पुसा.

खोक्याच्या कडेचं सील फाटलेलं असेल तर तसंच बंद करू नका. वाफ गळून बोर्डावर जाते, आणि मग खरंच पीसीबी जातो. नवं सील नाहीतर उष्णता सहन करणारं सिलिकॉन लावा आणि पूर्ण वाळू द्या.

पहिल्यांदा मला हे करायला चार तास लागले. आता दीड.

उघडलंच आहे तर बोर्डाच्या डब्याच्या आसपास टॉर्च मारा. बाल्कनीतल्या यंत्रात पाली आणि झुरळं ऊब शोधत येतात. वायर कुरतडलेली दिसली तर उंदीर आहे, आणि त्या दिवशी काम थांबवा.

## ८. मल्टिमीटरची गाठ

पुन्हा सांगतो, प्लग काढलेलाच हवा. मीटर ओहमवर ठेवा आणि ज्या भागाची तपासणी करायची त्याच्या वायर आधी सोडवा.

हीटर: २३० व्होल्टवर १५०० वॉटचा असेल तर सुमारे ३५ ओहम, २००० वॉटचा असेल तर सुमारे २६. सूत्र सोपं आहे, २३० गुणिले २३०, भागिले वॉट. दोन हीटर असतील तर वेगवेगळे मोजा. आकडा आलाच नाही तर तार तुटली. मग एक टोक हीटरच्या पिनवर आणि दुसरं यंत्राच्या पत्र्यावर धरा. इथे काहीही आकडा दिसला तर हीटर अर्थ होतोय. वाळवणं सुरू होताच घरातला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या, आणि आरसीसीबी सैल आहे म्हणून तो बदलायला सांगणाऱ्या वायरमनवर दुसरा.

थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज: गार असताना जवळजवळ शून्य ओहम. उडालेला फ्यूज वायरने जोडून "चालू करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. तो फ्यूज तूस पेटू नये म्हणून असतो.

तापमानाचा सेन्सर: मुठीत धरून गरम केला की आकडा सावकाश उतरायला हवा. उड्या मारत असेल तर बदला. पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल साधारण ३ ते ५ हजार ओहम दाखवते. कंडेन्सरच्या व्हॉल्व्हची तुलना त्याच्याच शेजारच्या व्हॉल्व्हशी करा.

हे सगळं ठीक आलं, पंखाही हाताने सुटा फिरतोय, तरी हीटर तापत नाही, तर मग बोर्ड. आता अकरा हजारांची चर्चा करायला हरकत नाही. बोर्डावरचा रिले बदलून देणारे मेकॅनिकही असतात, आधी त्यांना दाखवा.

## ९. पडद्यावरचे कोड

कोड आजाराचं नाव सांगत नाही, कुठल्या खोलीत कण्हणं ऐकू आलं ते सांगतो. एलजीच्या यंत्रावर ओ-ई म्हणजे पाण्याचा निचरा होत नाही, आय-ई म्हणजे पाणी येत नाही, यू-ई म्हणजे तोल बिघडलाय. सॅमसंगवर ४-सी पाणी येण्याचा, ५-सी निचऱ्याचा, डी-सी दाराचा. निचऱ्याचा कोड आला की पायरी ६, पाण्याचा आला की पायरी ४.

नुकतंच घर बदललं असेल आणि स्पिनला यंत्र बाल्कनीभर नाचत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत का ते आधी बघा. काढलेले बोल्ट फेकू नका, पुढच्या शिफ्टिंगला लागतात.

## १०. पुन्हा तूस साठू नये म्हणून

नवी सोलापुरी चादर आणि नवे टॉवेल पहिले दोन-तीन वेळा नुसते धुवा, वाळवायला दोरीवर. ड्रायरच्या चार-पाच फेऱ्यांनंतर ड्रम रिकामा ठेवून एकदा रिन्स चालवा. दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून तूस पुसा. वास येतो तो बहुतेक तिथूनच.

रेनकोट यंत्रात घालू नका. पाणी न सोडणारं कापड स्पिनमध्ये पिशवीसारखं पाणी धरून ठेवतं आणि ड्रम जोरात आपटतो.

दिवाळीत अभ्यंगाला वापरलेले टॉवेल, तेल पुसलेली फडकी ड्रायरमध्ये कधीच नको. तेल राहिलेलं सुती कापड गरम होऊन ढिगात पडलं तर आपोआप पेटू शकतं. हे मी भीती घालायला सांगत नाही, कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, फक्त ते पान कुणी वाचत नाही.

## ११. इथे थांबा, आणि मेकॅनिक असा बोलवा

जळका वास, प्लग काळा पडलेला, अंगाला झिणझिण्या येणं, ड्रमच्या बेअरिंगचा खडखडाट: यातलं काही असेल तर स्वतः हात घालू नका. हीट पंपचं यंत्र असेल तर त्याच्या गॅसच्या नळ्यांना कुणाही ओळखीच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. यंत्र १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटवरच हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर चालवणाऱ्या घरात मी दुरुस्तीला बसत नाही.

फोन करताना "वाळवत नाही" एवढंच सांगू नका. "ड्राय लावल्यावर पाऊण तासाने पाणी गार येतं, काच गार, जाळ्या साफ केल्यात" असं सांगा. समोरचा माणूस बोलण्याची पट्टी बदलतो, हा माझा अनुभव. व्हिजिट चार्ज दुरुस्तीच्या बिलात वळता होतो का, ते आधीच विचारा. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या, पक्कं जीएसटी बिल घ्या, आणि बदललेल्या भागाला किती दिवसांची हमी आहे ते जॉबशीटवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं मोजू नका. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवताना पायरी २ मधले सगळे कागद लागतात.

आणि मेकॅनिक निघण्याआधी दोन किलो कपडे घालून, पाइप बादलीत सोडून, त्याच्यासमोरच ड्राय लावा. तो घाईत असेल, पुढचा कॉल कोथरूडला असेल. चहा ठेवा. पाणी कोमट यायला वीस मिनिटं लागतात.